रोमन पंगतीतला पंक्तिप्रपंच

मराठीत 'पंक्तिप्रपंच' असा एक फार नेमका शब्द आहे. एकाच पंगतीत बसलेल्या दोघांच्या पानांत दोन तऱ्हांचे वाढणे, म्हणजे व्याह्यांच्या वरणभातावर तुपाची धार आणि शेवटच्या पानावरच्या दूरच्या नातलगाला तुपाचा नुसता वास, हे सगळे त्या एका शब्दात बसते. प्राचीन रोमच्या जेवणाविषयी गेले काही महिने जे मिळेल ते वाचत असताना हाच शब्द पुन्हा पुन्हा मनात येत राहिला. रोमन मेजवानी म्हटले की मोराचे मांस, फ्लेमिंगोच्या जिभा आणि मधात घोळवलेले उंदरासारखे प्राणी एवढेच बहुतेकांना आठवते. मला मात्र त्या ताटांपेक्षा ती कोणापुढे गेली आणि कोणापुढून नुसतीच मिरवत पुढे नेली गेली, ही गोष्ट अधिक बोलकी वाटते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये राहणारा मार्शियल हा कवी या बाबतीत आपला सर्वांत भरवशाचा तक्रारदार आहे. पोंटिकस नावाच्या यजमानाला उद्देशून त्याने एक छोटी कविता लिहिली आहे. तू लुक्रिनस सरोवरात पोसलेली कालवे खातोस आणि मी शिंपल्या चोखताना ओठ कापून घेतो, तुला उत्तम अळंबी आणि मला डुकरांपुढे टाकायच्या लायकीची, तुझ्यापुढे धष्टपुष्ट पारवा आणि माझ्यापुढे पिंजऱ्यातच मेलेला पक्षी, असा पाढा वाचून तो शेवटी विचारतो की पोंटिकसा, तुझ्याबरोबर जेवत असूनही मी तुझ्याविना का जेवतो?

ही केवळ खवय्याची कुरकुर नव्हती. रोमन समाजात मोठा माणूस आणि त्याचे आश्रित यांचे नाते अगदी उघड आणि रोजचे असे. आश्रिताने पहाटे उठून, टोगा नेसून, आश्रयदात्याच्या दारात मुजऱ्याला हजर राहायचे आणि मालक बाहेर निघाला की त्याच्या मागे चालायचे. त्या बदल्यात पूर्वी टोपलीभर शिधा मिळत असे, पुढे त्याऐवजी शंभर लहान तांब्याची नाणी हातावर ठेवण्याची पद्धत पडली. डोमिशियन सम्राटाच्या काळात काही दिवस ही रोख दक्षिणा बंद होऊन तिच्या जागी पुन्हा रीतसर जेवण आले, आणि मार्शियलची तक्रार नेमकी त्यानंतरची आहे. पैसे गेले ते गेले, आता निदान जेवण तरी एकसारखे घाला, असे त्याचे म्हणणे. मजुरी म्हणून मिळणाऱ्या जेवणात कमी वाढले गेले तर ते मजुरी कापण्यासारखेच असते.

या जेवणाची मांडणी समजून घेतल्याशिवाय त्यातली खोच कळत नाही. रोमन लोकांचे मुख्य जेवण एकच, 'केना'. सकाळी भाकरीचा तुकडा, दुपारी उभ्या उभ्या काही थंड खाणे आणि मग स्नानगृहात जाऊन आल्यावर दिवसाच्या नवव्या तासाला, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण दुपारी तीनच्या सुमारास, ही मेजवानी सुरू होई आणि अंधार पडून गेल्यावरही चाले. जेवणाच्या खोलीला 'ट्रिक्लिनियम' म्हणत, कारण तिच्यात तीन रुंद पलंग घोड्याच्या नालेच्या आकारात मांडलेले असत आणि चौथी बाजू वाढपी गुलामांसाठी मोकळी सोडलेली असे. प्रत्येक पलंगावर तिघे, म्हणजे पंगत नऊ जणांची. वर्रो या विद्वानाने म्हटले होते की पाहुण्यांची संख्या ग्रीक लावण्यदेवतांपेक्षा, म्हणजे तिनांपेक्षा, कमी नसावी आणि कलादेवतांपेक्षा, म्हणजे नवांपेक्षा, जास्त नसावी. डाव्या कोपरावर रेलून, पाय मागे सोडून, उजव्या हाताने जेवायचे. काटे नव्हतेच, चमचे होते, पण बहुतेक सगळे बोटांनीच खाल्ले जाई आणि मधून मधून गुलाम हातांवर पाणी घालत फिरत. हाताने जेवणाऱ्याला कमी लेखणाऱ्यांनी युरोपातल्या या बलाढ्य साम्राज्याच्या बोटांकडे एकदा पाहायला हवे, असे मला उगाचच वाटून गेले.

नऊ जागा होत्या, पण त्या सारख्या नव्हत्या. तिन्ही पलंगांना वरचा, मधला आणि खालचा अशी नावे होती. मधल्या पलंगाची तिसरी जागा सर्वांत मानाची, ती 'कॉन्सुलची', म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याची, जागा म्हणून ओळखली जाई, आणि तिला लागूनच खालच्या पलंगाच्या पहिल्या जागेवर यजमान असे, म्हणजे प्रमुख पाहुण्याशी त्याला सहज बोलता यावे. नवखा पाहुणा कुठे रेलला आहे हे पाहिले की त्याची पत आत शिरणाऱ्याला न सांगता कळे. जुन्या काळी पुरुष रेलत आणि बायका बसून जेवत, साम्राज्याच्या काळात बायकाही रेलू लागल्या, मुले मात्र बहुधा बसलेलीच. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातल्या एका घरात जेवणघराच्या भिंतींवर पाहुण्यांसाठी पद्यात नियमच रंगवून ठेवलेले सापडले आहेत: गुलामाकडून पाय धुऊन घ्या, गाद्या खराब करू नका, दुसऱ्याच्या बायकोकडे सूचक नजरेने पाहू नका, भांडण टाळा आणि टाळता येत नसेल तर आपल्या घरी चालते व्हा. कधीतरी त्या यजमानाची सहनशक्ती संपली असावी आणि त्याने रंगाऱ्याला बोलावले असावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

हाडे, शिंपल्या, साली यांची व्यवस्था साधी होती, त्या जमिनीवर टाकायच्या. ही उष्टावळ कायमची चित्रात आणण्याची कल्पना पर्गामॉन या ग्रीक शहरातल्या सोसस या कारागिराला सुचली, आणि 'न झाडलेली खोली' या त्याच्या कलाकृतीची हेराक्लिटस नावाच्या दुसऱ्या कारागिराने केलेली रोमन आवृत्ती आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांतून माशाचे काटे, कोंबडीचा पाय, द्राक्षांचे देठ आणि अक्रोड कुरतडणारा एक उंदीर असे सगळे त्यांच्या सावल्यांसकट जमिनीवर पसरलेले दिसते. जमिनीवर सांडलेले अन्न मृतांचे, अशी एक समजूत रोमन लोकांत होती. पानाबाहेर चित्राहुती घालणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मला त्या खोलीत फार परके वाटले नसते.

पदार्थांचा क्रम 'अंड्यापासून सफरचंदापर्यंत' असा होता आणि लॅटिनमध्ये सुरुवातीपासून शेवटापर्यंत या अर्थाने ही म्हणच झाली. आधी अंडी, ऑलिव्ह, कोशिंबिरीचा पाला, खारवलेले मासे आणि मध घातलेली वाइन, मग मांसमाशांचे मुख्य पदार्थ, शेवटी फळे, सुकामेवा आणि गोड. टोमॅटो, बटाटा, मका, मिरची यांपैकी काहीही तिथे नव्हते, कारण ते सगळे अमेरिकेतून यायला अजून दीड हजार वर्षे होती. तिखटपणाची जबाबदारी मिरीवर होती आणि खारटपणाची 'गारुम'वर.

गारुम म्हणजे माशांची आतडी आणि लहान मासे मिठात घालून, महिनोन्महिने उन्हात ठेवून, त्यातून गाळून काढलेला पातळ रस. थाई स्वयंपाकातले फिश सॉस ज्यांनी चाखले आहे त्यांना त्याची कल्पना येईल. पॉम्पेईत औलस उम्ब्रिकियस स्कॉरस नावाचा माणूस या धंद्यात इतका श्रीमंत झाला की त्याने आपल्या घराच्या जमिनीत स्वतःच्या मालाच्या बरण्या नक्षीकामात बसवून घेतल्या, आणि त्यांवर 'स्कॉरसच्या कारखान्यातले, बांगड्याच्या जातीच्या माशाचे उत्तम गारुम' अशा आशयाची अक्षरेही कोरवली. स्पेनमधल्या कार्ताखेनाचे गारुम सर्वांत महाग असे. पहिल्या शतकातला लेखक प्लिनी, म्हणजे ज्येष्ठ प्लिनी, सांगतो की त्याच्या सुमारे साडेसहा लिटरना हजार सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, पडत. तत्त्वज्ञ सेनेका मात्र या रसाला कुजक्या माशांचा महागडा स्राव म्हणून नाके मुरडतो.

हिंगाची गोष्ट मला याहून जवळची वाटते. आजच्या लिबियातल्या सायरिनी शहराच्या भागात 'सिल्फियम' नावाची एक वनस्पती रानात उगवत असे. तिचा चीक रोमन आणि ग्रीक स्वयंपाकात आणि औषधात इतका मोलाचा होता की त्या शहराने आपल्या नाण्यांवर ती वनस्पती छापली. ती ओरबाडून ओरबाडून संपली, प्लिनीच्या आठवणीतल्या काळात तिची फक्त एक काडी सापडली आणि ती नीरो सम्राटाला भेट म्हणून पाठवली गेली. मग तिच्या जागी इराणच्या बाजूने येणारा, तुलनेने हलका समजला जाणारा चीक वापरात आला, तो म्हणजे आपला हिंग. अपिकियसच्या नावावर असलेल्या पाककृतींच्या जुन्या संग्रहात हा महागडा चीक पुरवून वापरण्याची एक युक्ती दिली आहे: तो बरणीत घालून त्यात चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया भरून ठेवाव्यात, वास मुरलेल्या बिया पदार्थाला वापराव्यात आणि काढल्या तितक्याच नव्या बिया बरणीत टाकाव्यात. मिसळणाच्या डब्याशेजारी हिंगाचा खडा घट्ट झाकणाच्या डबीत जपणाऱ्या आमच्या आजीला ही युक्ती न समजावता कळली असती.

त्याच संग्रहातल्या बहुतेक कृतींत मिरी आहे, अगदी गोड पदार्थांतसुद्धा. प्लिनीला याचे नवल वाटे. जिच्यात तिखटपणाखेरीज काहीच नाही आणि जी तिच्या देशात रानात उगवते, ती आपण सोन्याचांदीसारखी तोलून का घेतो, असा त्याचा सवाल होता. त्याने दिलेल्या दरांत काळी मिरी रोमन पौंडाला 4 दिनार, पांढरी 7 आणि पिंपळी 15 दिनार आहे. काळी मिरी मलबारच्या मुझिरिस बंदरातून जाई. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात भारतीय बनावटीच्या एका मोठ्या रांजणात साडेसात किलो मिरी भरलेली सापडली आहे. पिंपळी मात्र उत्तरेकडची. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत ती भडोच बंदराच्या निर्यातीत नोंदवलेली आहे, आणि त्याच मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर इथून भडोचला गाड्यांनी माल येतो, सोपारा, कल्याण आणि चौल ही किनाऱ्यावरची बाजाराची गावे आहेत, अशा नोंदी सापडतात. येणाऱ्या मालात वाइन होती आणि तीतही इटलीची वाइन अधिक पसंत केली जाते, असे लिहिणारा आवर्जून सांगतो. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेल्या कांस्यवस्तूंत समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आहे आणि रोमन घडणीची सुरईही आहे. रोममधल्या एखाद्या ट्रिक्लिनियममध्ये पिंपळी कुटली जात असताना पंचगंगेकाठी अशी सुरई कोणाच्या तरी घरात होती.

मिरी आणि वाइन यांची ये-जा इतकी मोठी असूनही पाहुण्याच्या पेल्यात नेमके काय पडेल हे शेवटी यजमानाच्या मनावर होते. कनिष्ठ प्लिनीने, म्हणजे वरच्या प्लिनीच्या भाच्याने, एका पत्रात अशाच एका जेवणाचे वर्णन केले आहे. यजमान स्वतःला टापटिपीचा आणि काटकसरीचा समजत होता, प्लिनीला तो एकाच वेळी कंजूष आणि उधळ्या वाटला. लहान सुरयांत तीन प्रकारची वाइन ठेवलेली होती, कोणाला निवड करता यावी म्हणून नव्हे, तर कोणाला नकार देता येऊ नये म्हणून: एक यजमानासाठी आणि प्लिनीसारख्यांसाठी, दुसरी कमी प्रतीच्या मित्रांसाठी, कारण त्याच्या मित्रांनाही प्रती होत्या, आणि तिसरी गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठी. शेजारी रेललेल्या पाहुण्याने प्लिनीला विचारले, हे तुम्हाला पटते का? नाही, प्लिनी म्हणाला, मी सगळ्यांना एकच वाढतो, मी लोकांना जेवायला बोलावतो, त्यांची प्रतवारी लावायला नाही. मुक्त केलेल्या गुलामांनाही? हो, त्या वेळी ते माझे पंगतकरी असतात. मग फार खर्च येत असेल. मुळीच नाही. ते कसे? कारण मी पितो ती वाइन ते पीत नाहीत, ते पितात ती मी पितो.

पंक्तिप्रपंचावरचा इतका साधा आणि इतका हिशेबी उपाय मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. तरीही प्लिनीला फार डोक्यावर घेऊ नये. त्या सगळ्या संवादात पलंगांमागे उभे असलेल्या गुलामांच्या पेल्यात काय असते, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. सेनेकाच्या एका पत्रात त्यांचे चित्र आहे: मालक पोट फुटेस्तोवर खातो आणि ते रात्रभर उपाशी, मुके उभे, खोकला, शिंक, उचकी आली तरी छडी बसते. ज्युवेनल या उपहासकाराच्या पाचव्या कवितेत तर गुलामच आश्रिताचा अपमान करतो. विरो हा यजमान पांढऱ्याशुभ्र, मऊ पिठाची पोळी खात असतो, आश्रितापुढे बुरशी आलेली, दात मोडेल अशी भाकरी येते, आणि त्याने चुकून मऊ पोळीकडे हात नेलाच तर तो हात जागच्या जागी अडवायला माणूस उभा असतो. यजमानाला शेवंडे, याला अर्ध्या अंड्याबरोबर खेकडा. यजमानाच्या माशावर उत्तम तेल, याच्या भाजीवरच्या तेलाला दिव्याचा वास. ज्युवेनलचा राग मात्र विरोवर कमी आणि हे सगळे सोसून पुन्हा आमंत्रणाची वाट पाहणाऱ्या आश्रितावर अधिक आहे.

उलट बाजूही होती, नाही असे नाही. पाहुणे स्वतःचे रुमाल घेऊन येत आणि त्यांत उरलेसुरले बांधून नेत. मार्शियलच्याच एका कवितेतला केकिलियानस समोर येणारे सगळे, डुकराच्या मांसापासून माशापर्यंत, रुमालात भरतो आणि गुलामाच्या हाती घरी पाठवून देतो. कॅटलस या कवीने तर पंगतीत दुसऱ्याचा रुमाल लांबवणाऱ्या एका माणसाला कवितेतून जाहीर तंबी दिली आहे.

सरकारने या उधळपट्टीला आळा घालण्याचे प्रयत्नही केले. इ.स.पू. 161 च्या फॅनियन कायद्याने सणाच्या दिवशीच्या जेवणालाही शंभर आस, म्हणजे तांब्याची नाणी, एवढी मर्यादा घातली आणि पक्ष्यांपैकी फक्त एकच कोंबडी, तीही मुद्दाम न पोसलेली, वाढायला परवानगी दिली. कायद्यात कोंबडी म्हटले आहे, कोंबडा नाही, हे लक्षात येताच लोक नर कोंबड्यांना दुधात भिजवलेले खाणे चारून पोसू लागले. याहून जास्त त्या कायद्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

आणखी एक गैरसमज वाटेतून बाजूला करायला हवा. पुन्हा खाता यावे म्हणून ओकण्यासाठी रोमन लोकांच्या घरी 'व्होमिटोरियम' नावाची वेगळी खोली असे, हे मीही शाळेत ऐकले होते. तो शब्द खरा आहे, पण त्याचा अर्थ प्रेक्षागृहातून गर्दी बाहेर 'ओकणारी' वाट असा आहे. अतिरेकी खाऊन ओकणारे लोक होते, सेनेका त्यांच्यावर तुटूनही पडतो, पण त्यांच्यासाठी खोली बांधलेली नव्हती.

या नऊ पलंगजागांच्या बाहेर जे लाखो लोक होते, त्यांना पंक्तिप्रपंच करायलाही पंगत नव्हती. रोममधले बहुतेक लोक बहुमजली, बरेच लाकूड वापरलेल्या भाड्याच्या इमारतींत राहत, जिथे चूल पेटवणे म्हणजे आगीला आमंत्रण. ते खाणावळींतून विकत घेऊन खात. पॉम्पेईत रस्त्याकडेला गवंडी कामाचे ओटे आणि त्यांत बसवलेले रांजण असलेली अशी दुकाने पुष्कळ आहेत, आणि 2020 मध्ये पूर्ण मोकळ्या झालेल्या एका दुकानाच्या रांजणांत बदक, बकरी, डुक्कर, मासा आणि गोगलगाय यांचे अवशेष मिळाले. नीरोने अशा दुकानांत डाळी आणि पालेभाज्यांखेरीज शिजवलेले काही विकायला बंदी केली होती, आणि त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या मेजवान्या दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत चालत. शहरातल्या सुमारे दोन लाख नागरिकांना ऑगस्टस सम्राटाच्या काळात सरकारी धान्य फुकट मिळे, महिन्याला पाच मोडियस, म्हणजे साधारण 33 किलो गहू. पुढे तेलही देऊ लागले. तेलाच्या फोडलेल्या मडक्यांच्या खापरांची एक टेकडीच रोममध्ये उभी आहे, मोंते टेस्टाचो, सुमारे 35 मीटर उंच.

खेड्यातल्या माणसाचे जेवण आपल्याला एका जुन्या लॅटिन कवितेतून कळते. 'मोरेटम' हे तिचे नाव, आणि ती महाकवी व्हर्जिलच्या नावावर खपवली गेली असली तरी ती त्याची नसावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सिमुलस नावाचा गरीब शेतकरी थंडीच्या पहाटे उठतो, राखेतला निखारा फुंकून दिवा पेटवतो, हात बदलत बदलत जाते ओढतो आणि ओढताना गावठी गाणी म्हणतो. पीठ मळून भाकरी चुलीत सरकवतो आणि सोबत कालवण हवे म्हणून परसात जातो. परसात कोबी, मुळे, भोपळे सगळे आहे, पण ते त्याच्या पोटासाठी नाही. बाजाराच्या दिवशी त्या मोळ्या खांद्यावरून शहरात जातात आणि तो जड खिशाने, पण मांसाच्या बाजारातले क्वचितच काही घेऊन, हलक्या मानेने परत येतो. स्वतःसाठी तो लसणीचे चार गड्डे, कोथिंबीर आणि दोन-तीन पाले खुडतो, आणि खारवलेल्या कडक चीजबरोबर ते खलात कुटून त्यावर तेल आणि व्हिनेगर सोडतो.

हे मी गेल्या रविवारी करून पाहिले. सगळे साहित्य घरात होते, फक्त त्या पाल्यांपैकी सताप हा उग्र वासाचा पाला मिळाला नाही. आईने खलबत्त्यात डोकावून हा ठेचाच आहे, फक्त मिरची विसरलास, असा निकाल दिला आणि तो बरोबर होता. मी लसणीचा एकच गड्डा घातला, तरी ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसऱ्या घासानंतर पाणी मागावे लागले. कुटताना डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होते. कवितेतल्या सिमुलसचेही तसेच होते, तो कुटता कुटता हाताच्या पाठीने डोळे पुसतो आणि त्या बिचाऱ्या चुलीच्या धुराला शिव्या देतो.